होलोग्राम: शब्द कुठला, वस्तू कुठली?

दिवेलागण (धागाकर्ता)

मंडळी, जुन्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून आणली. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांनाही आता ती सक्तीची, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांची ही वारी झालेली असणार. प्लेटच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात २० मिमी बाय २० मिमीचं चकचकीत अशोकचक्र असतं. प्लेट बसवणारा पोरगा म्हणाला, "काका, धुताना त्या होलोग्रामवर घासणी मारू नका."

आता दुसरं. २३ जानेवारी २०२२ ला दिल्लीत इंडिया गेटसमोरच्या छत्रीत नेताजींचा प्रकाशाचा पुतळा उभा केला होता, तब्बल २८ फूट उंच. त्यालाही सगळीकडे होलोग्रामच म्हणत होते. एकावर नख फिरवता येतं, दुसऱ्याच्या जागी नुसता उजेड. मग दोन्हींना एकच नाव कसं? या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो कोणी आणि कशासाठी बनवला? गुगल करून मिळेल हे ठाऊक आहे, पण इथे विचारलं की चार गोष्टी जास्तीच्या कळतात, असा अनुभव आहे.

चहाबाज

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. वाचतोय.

मोडीवाचक

शब्दाचं मी सांगतो, भौतिकशास्त्राचं कोणी जाणकार सांगतीलच.

होलोग्राममध्ये दोन ग्रीक तुकडे आहेत: 'होलोस' म्हणजे सगळं, अख्खं आणि 'ग्रामा' म्हणजे लिहिलेलं, अक्षर, नोंद. थोडक्यात 'संपूर्ण नोंद'. यात कुठेही त्रिमिती नाही, हवेत तरंगणं नाही, चकाकणंही नाही. हे सगळं आपण नंतर चिकटवलं.

हा 'होलोस' आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृतातला 'सर्व' आणि ग्रीक 'होलोस' एकाच आदिम मुळातून आले आहेत. शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो: आपलं सप्त, त्यांचं हेप्टा, आपला सर्प, त्यांचं हर्पेटॉन (सापा-सरड्यांच्या शास्त्राला हर्पेटॉलॉजी म्हणतात ते त्यावरूनच). त्याच चालीने सर्वचा भाऊबंद होलोस. 'कॅथलिक' या शब्दातही हाच होलोस दडलेला आहे, 'सर्वांना लागू असणारा, सार्वत्रिक' अशा अर्थाने. गोव्यात हा शब्द रोज कानावर पडतो, पण त्याचं होलोग्रामशी नातं असेल असं कोणाच्या मनात येत नसेल. होलोकॉस्ट म्हणजे मुळात 'पूर्ण जाळलेली आहुती'. होलिस्टिकही त्यातलंच.

गंमत म्हणजे इंग्रजीत 'संपूर्ण' या अर्थाचा जो 'होल' आहे तो याचा कोणी लागत नाही. तो जर्मॅनिक घराण्यातला, नुसता उच्चार जुळलाय.

चहाबाज

आणि ग्राम म्हणजे गाव ना? होळीचं गाव. :)

मोडीवाचक

हसा लेको. गावाशी संबंध नाही, पण किराणा दुकानाशी आहे! आपण 'शंभर ग्रॅम शेंगदाणे' म्हणतो तो ग्रॅम आणि होलोग्राममधला ग्राम एकच. ग्रीक 'ग्रामा'चा एक अर्थ पुढे 'छोटं वजन' असा झाला आणि लॅटिन, फ्रेंच अशी वळणं घेत तो मेट्रिक पद्धतीत शिरला. त्याच्याही मागे गेलं तर मूळ धातूचा अर्थ ओरखडणं, कोरणं. तो लक्षात ठेवा, खऱ्या होलोग्रामच्या बाबतीत तो भलताच चपखल बसतो.

काळा कोट

अवांतर, पण फारसं नाही. 'होलोग्राफ' हा शब्द आम्हा वकिलांना लेझरवाल्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. जो दस्तऐवज करणाऱ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलाय, तो होलोग्राफ. इंग्रजीत हा वापर काही शतकं जुना आहे. आपल्याकडचे न्यायनिर्णय चाळले तर 'होलोग्राफ विल' हा शब्दप्रयोग सापडतो: अख्खं मृत्युपत्र हाताने लिहिलेलं असेल तर ते खरं असण्याकडे कल जास्त. (म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्या चुकत नाहीत हं. भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३. लोक इथेच फसतात.)

दिवेलागण

@मोडीवाचक, @काळा कोट, मजा आली. पण मग 'संपूर्ण नोंद' कसली? कशाची नोंद अपुरी होती म्हणून कोणाला तरी संपूर्ण करावीशी वाटली?

आरसेमहाल

बरोब्बर प्रश्न. जरा लांबण लागेल.

माणसाचं नाव डेनिस गाबोर. जन्म बुडापेस्टचा, १९०० सालचा. जर्मनीत शिकला, तिथेच नोकरी केली, १९३३ मध्ये नाझी आल्यावर तिथून निघाला आणि इंग्लंडमध्ये रग्बी गावात ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत लागला. बरं, त्याला त्रिमितीय चित्रं वगैरे काही काढायची नव्हती. त्याचं दुखणं होतं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. त्यातली भिंगं चुंबकीय असतात आणि त्यांच्यातला गोलीय दोष काही केल्या जात नव्हता. अणू दिसायला हवेत, पण भिंगच प्रतिमा बिघडवतंय.

१९४७ च्या ईस्टरच्या सुट्टीत टेनिस कोर्टाबाहेर आपली पाळी यायची वाट बघत बसला असताना त्याला युक्ती सुचली, असं त्यानेच पुढे सांगितलंय. चित्र बिघडलेलं का असेना, त्यात सगळी माहिती आली तर? मग बिघाड नंतर दुरुस्त करता येईल.

'सगळी माहिती' म्हणजे काय ते इथे येतं. प्रकाश ही लाट. लाटेला उंची असते, शाळेच्या भाषेत आयाम. आणि ती आत्ता चढतेय की उतरतेय हेही असतं, त्याला म्हणतात कला (हो, फेजला पाठ्यपुस्तकात हाच शब्द आहे, चित्रकलेतली नव्हे). फोटोच्या फिल्मवर उमटतो फक्त प्रकाशाचा जोर. वस्तूच्या कुठल्या भागाकडून आलेली लाट किती मागे-पुढे आहे ते फिल्मला कळतच नाही, आणि खोलीची सगळी माहिती नेमकी त्यात असते. म्हणजे प्रत्येक फोटो ही अर्धी नोंद आहे.

गाबोरने काय केलं, तर वस्तूकडून आलेल्या लाटेवर तिच्याशी सुसंगत (म्हणजे चढ-उताराचा ताल जुळलेली) दुसरी साधी लाट सोडली. दोन्ही भेटल्या की कुठे बेरीज, कुठे वजाबाकी, आणि फिल्मवर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघांची जाळी उमटते. हेच व्यतिकरण. जी कला फिल्मला कळत नव्हती ती आता रेघांच्या जागेत लिहिली गेली. फिल्म धुऊन तिच्यावर पुन्हा तीच साधी लाट टाकली की रेघांमधून वाकून (विवर्तन!) मूळ वस्तूची लाट जशीच्या तशी बाहेर पडते. डोळ्याला ती लाट आत्ता वस्तूकडून आली की फिल्मवरून, याचा पत्ता लागत नाही.

आयाम अधिक कला, म्हणून संपूर्ण; आणि फिल्मवर लिहिलेली, म्हणून ग्रामा. १९४८ मध्ये 'नेचर'मध्ये त्याचा पहिला लेख आला. त्याने केलेल्या पहिल्या होलोग्रामचा विषय काय असेल? वस्तू म्हणून त्याने ठेवलं होतं एक इवलंसं पारदर्शक लिखाण: ह्युगेन्स, यंग, फ्रेनेल अशी प्रकाशावर काम केलेल्यांची नावं!

सुगरण_४११०५२

वा! हे असं शाळेत का नाही शिकवत? एक बाळबोध शंका: मग लगेच जगभर होलोग्राम का नाही झाले? लहानपणी कधी पाहिल्याचं आठवत नाही.

आरसेमहाल

बाळबोध अजिबात नाही. लाटा सुसंगत हव्यात आणि १९४७ मध्ये तसा दिवाच नव्हता. गाबोरकडे होता पाऱ्याचा दिवा. त्याच्या प्रकाशाची सुसंगती जेमतेम ०.१ मिमीपर्यंत टिकायची, म्हणजे खोली असलेली वस्तू घेणं अशक्य. शिवाय त्याच्या रचनेत खरी प्रतिमा आणि तिची जुळी एकाच रेषेत एकमेकींवर यायच्या, सगळा गिचमिडकाला. पन्नाशीच्या दशकात विषय जवळपास गुंडाळला गेला.

१९६० मध्ये लेझर आला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ हा रडारवर काम करत होता. त्याने आणि युरिस उपाटनिक्सने दुसरी लाट तिरकी सोडायची शक्कल लढवली. जुळ्या प्रतिमा वेगळ्या झाल्या. १९६४ मध्ये त्यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम दाखवला. शास्त्रज्ञ लोक तो बघायला रांगा लावून उभे होते, आणि काहींनी म्हणे काचेच्या मागे गाडी लपवलीय का तेही पाहिलं.

त्याच सुमारास लेनिनग्राडमध्ये युरी देनिस्युकने वेगळाच मार्ग काढला. त्याचे होलोग्राम बघायला लेझर लागत नाही, साधा पांढरा प्रकाश पुरतो. संग्रहालयात काचेच्या चौकटीत एखादा दागिना किंवा जुनी वस्तू अगदी खरी वाटावी अशी दिसते, ते बहुतेक देनिस्युक पद्धतीचे. गाबोरला नोबेल मिळालं १९७१ मध्ये, कल्पना सुचल्यानंतर २४ वर्षांनी. एकट्यालाच. लीथ आणि देनिस्युक यांना वाटा मिळायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे, पण तो वेगळा धागा.

चहाबाज

होलोग्रामची काच फोडली तर प्रत्येक तुकड्यात अख्खं चित्र दिसतं हे खरं का? का ते आपलं व्हॉट्सॲप विद्यापीठ?

आरसेमहाल

खरं आहे, पण अर्धवट सांगितलं जातं. वस्तूच्या प्रत्येक बिंदूकडून आलेला प्रकाश काचेच्या सगळ्या भागावर पडलेला असतो, म्हणून प्रत्येक तुकड्यात सगळ्या वस्तूची नोंद असते. खिडकीला पुठ्ठा लावून त्याला छोटं भोक पाडलं तरी डोळा भोकाशी नेला की बाहेरचं अंगण दिसतंच ना? फक्त आता डावी-उजवीकडे सरकून झाडामागे डोकावता येत नाही. तसंच इथे: बघण्याचा कोन आक्रसतो आणि चित्रही थोडं भुरकट होतं. तुकडे करून माहिती फुकट वाढत नाही.

आणखी एक भारी गोष्ट. होलोग्राम घेताना वस्तूपुढे बहिर्गोल भिंग ठेवलं असेल, तर चित्रातलं भिंगही काम करतं! डोकं हलवलं की भिंगामागचा वेगळा भाग मोठा होऊन दिसतो. फोटोतलं भिंग हे कधीच करणार नाही.

तिसरी घंटा

आता नेताजींकडे येऊ. मी हौशी नाटकवाला, प्रकाशयोजना बघतो, म्हणून बोलायचा थोडा अधिकार.

इंडिया गेटवर जे होतं ते वरच्या व्याख्येने होलोग्राम नव्हतं. ३० हजार ल्युमेन्सचा फोर-के प्रोजेक्टर आणि ९० टक्के पारदर्शक पडदा. पडदा दिसत नाही, चित्र दिसतं, झालं. ८ सप्टेंबर २०२२ ला तिथे ग्रॅनाइटचा पुतळा बसला, तोवर हे होतं. व्यतिकरण नाही, नोंद नाही. प्रोजेक्टर उत्तम होता आणि दिसायचंही छान, त्याबद्दल तक्रार नाही.

२०१२ च्या गुजरात निवडणुकीत नरेंद्र मोदींची एकाच वेळी अनेक ठिकाणी झालेली थ्रीडी भाषणं किंवा त्याच वर्षी अमेरिकेत कोचेला महोत्सवात मंचावर आलेला दिवंगत रॅपर टूपाक, हे तर त्याहून जुनं तंत्र. त्याला म्हणतात पेपर्स घोस्ट, म्हणजे पेपरचं भूत. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपरने १८६२ च्या नाताळात ते पहिल्यांदा दाखवलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्सची. रंगमंचावर तिरकी मोठी काच, खाली पिटात लपवलेला नट, त्याच्यावर झगझगीत प्रकाश. प्रेक्षकाला काचेतलं प्रतिबिंब मंचावर उभं दिसतं. आता काचेऐवजी ४५ अंशात ताणलेली पातळ फिल्म आणि नटाऐवजी व्हिडिओ. तत्त्व दीडशे वर्षांपूर्वीचंच.

ओळखायची खूण सांगतो. बाजूला जाऊन बघा. खऱ्या होलोग्राममध्ये बाजूला सरकलात की वस्तूची बाजू दिसते. या भुतांच्या बाबतीत बाजूला सरकलात की सपाट माणूस दिसतो, आणखी सरकलात की फिल्मची कड. म्हणूनच असल्या कार्यक्रमात कडेच्या खुर्च्या बंद ठेवतात.

भोसरीकर

बराच वेळ नुसता वाचत होतो. लेबल-पॅकेजिंगच्या लाइनीत आयुष्य गेलं, त्यामुळे नंबरप्लेटवरच्या चौकोनाची बाजू मांडतो.

लोकांना वाटतं की नेताजींचा भव्य तो खरा होलोग्राम आणि आमचा स्टिकर म्हणजे चकमक. आहे उलटं. १९६८ मध्ये पोलरॉइड कंपनीतल्या स्टीफन बेंटनने पांढऱ्या प्रकाशात दिसणारा इंद्रधनुषी होलोग्राम काढला. वर-खाली बघण्याची खोली त्याने सोडून दिली, त्या बदल्यात चित्र लख्ख झालं. त्यातून पुढे छापायचे होलोग्राम आले. काम असं चालतं: लेझरने फोटोरेझिस्ट नावाच्या लेपावर व्यतिकरणाच्या रेघा उमटवायच्या, धुतलं की त्या रेघांच्या जागी खरोखरचे चर पडतात. त्यावर विजेने निकेल चढवून उचलायचं, ती झाली शिम. मग शिम रोलरवर गुंडाळून गरम दाबाने फिल्मवर ठसे. मिलिमीटरला हजाराच्या आसपास चर, डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. वरून धातूचा अतिपातळ थर. नंबरप्लेटवर तो थर क्रोमियमचा असतो आणि चौकोन हॉट स्टँपिंगने बसवतात.

मोडीवाचकांनी 'ओरखडणं, कोरणं' म्हटलं ना, आमची शिम अक्षरशः तेच करते. शाई नाही, रंग नाही, नुसते चर. जे रंग दिसतात ते चरांमुळे वाकलेल्या प्रकाशाचे.

१९८३ पासून मास्टरकार्डवर होलोग्राम आला, १९८४ च्या मार्चमध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम होता, आणि तिथून हा धंदा जगभर फोफावला. आपल्या जुन्या लॅमिनेट केलेल्या मतदार ओळखपत्रावर होता, कित्येक राज्यांत दारूच्या बाटलीच्या बुचावर असतो. नोटेवर मात्र नाही. आपल्या नोटांत रंग बदलणारा धागा असतो, त्याला काही लोक उगाच होलोग्राम म्हणतात.

एक कबूल करायला हवं: बाजारात होलोग्राम म्हणून जे विकलं जातं त्यात निम्मं नुसतं चमकणारं फॉइल असतं. सगळीकडे एकाच मापाचे चर, म्हणजे इंद्रधनुष्य दिसतं, पण वस्तू कुठलीच नोंदलेली नाही. सीडीच्या मागच्या बाजूला दिसतं तेच. वाढदिवसाचं रॅपर 'होलोग्राफिक' म्हणून विकतात ते असलंच.

राइनकाठ

युरोच्या नोटांवर आहे. २००२ च्या पहिल्या मालिकेत ५, १० आणि २० च्या नोटांवर पट्टी, ५० पासून पुढे ठिपका. नव्या मालिकेत पट्टीत ग्रीक पुराणकथेतल्या युरोपाचा चेहरा दिसतो. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ती नोट तिरकी करून दाखवते, आई-बाबांनी तर भाजीपेक्षा नोटच जास्त पाहिली.

तिसरी घंटा

@भोसरीकर, एकदम कडक प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पाटीवरचा खडू

थोडा विरोधी सूर लावतो. शब्दाचा अर्थ कोण ठरवतं? गाबोर की बोलणारे? आज शंभरातल्या नव्वद जणांना होलोग्राम म्हणजे 'हवेत उभा दिसणारा प्रकाशाचा माणूस' असंच वाटतं. मग तोच अर्थ झाला की! 'तार' म्हणजे धातूची तार, पण आपण 'तार आली' म्हणायचो तेव्हा कागदच हातात यायचा.

मोडीवाचक

तत्त्वतः मान्य. पण इथे अडचण आहे. शब्द सरकला तो थेट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. गाबोरचा होलोग्राम म्हणजे ती *काच*, ज्यावर लिहिलंय ती. तिच्यातून दिसणारी वस्तू म्हणजे होलोग्राम नव्हे, ती प्रतिमा. तारेच्या उदाहरणातच बघा: टेलिग्राफ ही यंत्रणा आणि टेलिग्राम हा हातात आलेला मजकूर. ग्राम म्हणजे नेहमी लिहिलेली वस्तू. लोकांचा अर्थ वापरायला हरकत नाही, पण मग भोसरीकरांच्या स्टिकरला काय म्हणणार? नोंद असलेली एकमेव वस्तू बिननावाची राहील.

पाटीवरचा खडू

हा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी निवडणुकीच्या बातमीत 'अर्धपारदर्शक पडद्यावरील प्रक्षेपण' कोणी लिहिणार नाही, पैज लावा.

सुगरण_४११०५२

मराठी प्रतिशब्द काय घ्यावा? पूर्णलेख? समग्रलेख?

चहाबाज

समग्रलेख म्हटलं की संपादकांनी परत न पाठवलेला लेख वाटतो.

काळा कोट

आम्ही पूर्णलेख म्हटलं तर नोंदणी कार्यालयात स्टँप ड्युटी लावतील. होलोग्रामच राहू द्या.

आरसेमहाल

जाता जाता एक. भौतिकशास्त्रात आता 'होलोग्राफिक तत्त्व' आहे: अवकाशाच्या एखाद्या भागातली सगळी माहिती त्याच्या सीमेवरच्या पृष्ठभागावर मावते, अशी कल्पना. १९९३ मध्ये जेरार्ड ट हूफ्टने मांडली, लिओनार्ड सस्किंड या भौतिकशास्त्रज्ञाने पुढे नेली. पुण्यात आयुका या खगोलभौतिकी संशोधन संस्थेत थानु पद्मनाभन यांनी गुरुत्वाकर्षणाच्या गणितात पृष्ठभागाच्या आणि आतल्या भागाच्या पदांमधलं असंच नातं दाखवलं होतं. 'विश्व हा होलोग्राम आहे' असं यूट्यूबवाले ओरडतात तेव्हा कोणी विश्वावर प्रोजेक्टर मारतंय असा अर्थ नसतो. सपाट पृष्ठभागावर खोलीची संपूर्ण नोंद, इतकंच. म्हणजे गाबोरचाच अर्थ, लोकांचा नव्हे.

चहाबाज

डोक्यावरून गेलं, पण +१.

दिवेलागण

सर्वांचे आभार, धागा काढल्याचं सार्थक झालं. आता शेवटची व्यावहारिक शंका. आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन प्लेट पाहिली. ट्यूबलाइटखाली ते चक्र अगदीच मळकट दिसतंय. बनावट तर नाही ना?

भोसरीकर

ट्यूबलाइट लांबलचक असते, सगळीकडून प्रकाश येतो आणि रंग एकमेकांत मिसळून जातात. या चरांना एका बिंदूतून आलेला प्रकाश लागतो. मोबाइलचा टॉर्च हातभर लांब धरा आणि टॉर्च स्थिर ठेवून डोकं हलवा, उलटं नको. चक्रातले रंग सरकायला हवेत. ते सरकले तरी फक्त होलोग्रामवर विसंबू नका: खालच्या डाव्या बाजूला लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक असतो, तो आरसीवरच्या गाडीच्या नोंदीशी जोडलेला आहे का ते तपासून घ्या. आणि पोरगा बरोबर बोलला, घासणी नको. ओल्या फडक्याने पुसा.